दुसऱ्याचं घर राखता राखता

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 59 वर्षांच्या आहेत, त्यांचे यजमान 63. दोघे 1997 साली पुण्याहून इंग्लंडला गेले आणि तेव्हापासून रेडिंगमध्ये राहतात. ब्रिटिश पासपोर्ट आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं) आहे. यजमान निवृत्त झालेत, त्या येत्या मार्चअखेर वाचनालयातली नोकरी सोडणार आहेत. मुलगी मँचेस्टरला, तिला चार वर्षांचा मुलगा. सासूबाई दीड वर्षापूर्वी गेल्या. त्यांचा कोथरूडचा फ्लॅट बंद आहे, किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. यापुढचं आयुष्य कुठे काढायचं हे ठरवण्यासाठी यजमानांनी एक वर्षाचा बेत आखलाय : रेडिंगच्या घराला कुलूप लावायचं आणि परदेशात ‘हाउस सिटिंग’ करायचं. म्हणजे घरमालक सुट्टीवर गेले की त्यांच्या घरात राहायचं, त्यांची कुत्री-मांजरं आणि झाडं सांभाळायची. भाडं द्यायचं नाही, पगार घ्यायचा नाही. एप्रिल ते सप्टेंबर पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि ग्रीस, नऊ गावं. जिथे मन रमेल तिथे घर घ्यायचं आणि त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट विकायचा. पत्रलेखिका विचारतात : “बेत मलाही आवडलाय, पण रात्री झोप लागत नाही. मी घाबरट आहे का? आणि असं राहून खरंच कळतं का, कुठे स्थायिक व्हावं?”

ताई,

तुम्ही घाबरट नाही. पस्तिशीच्या आत बिऱ्हाड उचलून परक्या देशात गेलेली आणि तिथे अठ्ठावीस वर्षं टिकलेली बाई घाबरट कशी असेल? तुमची झोप उडालीय ती मला वाटतं दुसऱ्याच कारणानं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात नऊ गावांची नावं आहेत. प्रत्येक नावापुढे तिथलं ऊन, घरांच्या किमती आणि विमानतळ किती लांब ते लिहिलंय. कोथरूडबद्दल मात्र जेमतेम चार ओळी आहेत, आणि बेतात त्याचं नाव येतं ते फक्त विकण्यापुरतं. तिकडे मी शेवटी येईन. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

हाउस सिटिंग हे नाव नवं असलं तरी काम आपल्याला परकं नाही. कोकणात चाकरमान्यांची कितीतरी घरं वर्षातले दहा-अकरा महिने दुसऱ्याच कुणाच्या तरी भरवशावर उभी असतात. कुणीतरी येऊन केर काढतं, तिन्हीसांजेला दिवा लावतं, पावसाआधी कौलं शाकारून घेतं. कुठे गळतं, कुठल्या खिडकीचा खटका बसत नाही, हे मालकापेक्षा त्या माणसाला जास्त माहीत असतं. पण तो माणूस गावचाच असतो. गावचा आहे म्हणूनच किल्ली त्याच्याकडे येते. तुमच्या बेतात हे उलटं आहे. तुमच्या हाती आधी किल्ली येणार आणि गाव नंतर ओळखायचं. घर ओळखीचं व्हायला चार दिवस पुरतात. गावाला किती लागतात, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंचं घर मी दोन महिने राखलं होतं. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं गाव, नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस, सोबत एक म्हातारी मांजर. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या आजींनी दारात पिकलेल्या पर्सिमनची पिशवी आणून ठेवली. पुढे संत्री आली, पालेभाजी आली. मी हरखून गेले. फोनवर सगळ्यांना सांगत होते की इथली माणसं आपल्यासारखीच आहेत, इथे राहता येईल. निघायच्या आदल्या दिवशी आजींचा निरोप घ्यायला गेले. माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये मी आभार मानले, तर त्या म्हणाल्या, “ती कधी येतेय परत? बरी आहे ना?” त्या दोन महिन्यांत त्यांनी मला जे जे दिलं, ते खरं तर त्या घराच्या मालकिणीला दिलं होतं. वीस वर्षांचा त्यांचा शेजार होता आणि मी त्याच्या सावलीत बसले होते. आजींनी माझी फसवणूक केली नव्हती. मीच हिशेब चुकवला होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दुसऱ्याच्या घरात राहून त्या गावाचा बाजार कळतो, चढ-उतार कळतात, रात्री रस्त्यावर किती आवाज असतो ते कळतं. पण घर लावून बसलेल्या माणसाला जे पहिल्या वर्षी करावं लागतं, ते यातलं काहीच नसतं. विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर असतं, प्लंबरचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो, डॉक्टर शोधावा लागत नाही. घर उबदार असतं ते दुसऱ्या कुणीतरी उबदार केलेलं असतं. तुम्हाला कळेल की ‘त्यांचं’ आयुष्य तिथे कसं आहे. तुमचं कसं असेल हे कळायला जरा वेगळ्या तऱ्हेनं राहावं लागेल, आणि ते जमण्यासारखं आहे. बेत मोडा असं मी म्हणणार नाही. बेताचा क्रम बदला असं म्हणेन.

पहिली गोष्ट ऋतू. तुमची नऊच्या नऊ गावं एप्रिल ते सप्टेंबरमधली आहेत. यजमानांच्या यादीत पहिलं नाव दक्षिण पोर्तुगालमधल्या ताविराचं आहे. सुंदर गाव आहे, मधून नदी, पलीकडे मिठागरं आणि रिया फोर्मोझाची खाडी. मे महिन्यात तिथे कुणाचंही मन रमेल. पण तिकडच्या पुष्कळ घरांना तुमच्या रेडिंगच्या घरासारखं सेंट्रल हीटिंग नसतं, भिंतींना अस्तर नसतं, जमिनीला गार फरशी. जानेवारीत बाहेर छान ऊन असतं आणि घरात शिरलं की अंगात लोकर चढवावी लागते. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटामागे बुरशी धरते. मी त्या दोन महिन्यांत बरेचदा बाहेर अंगणात बसून जेवले, कारण आत जास्त थंडी होती. निम्मी हॉटेलं बंद, उन्हाळ्यात येणारी इंग्रज मंडळी परत गेलेली. जवळच्या फारो विमानतळावरून मँचेस्टरला थेट विमानं आहेत, पण हिवाळ्यात ती कमी होतात, आणि नातवाला ताप आला म्हणून मुलीचा फोन यायचा तो बहुधा हिवाळ्यातच येतो. तेव्हा ताविरा पाहायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी पाहा. तेव्हा आवडलं तर ते खरं आवडलं.

यादीत स्पेनमधलं वालेन्सियाही आहे. तिथल्या तुरिया उद्यानाचं तुम्ही कौतुक लिहिलंय. ते उद्यान म्हणजे नदीचं जुनं पात्र. 1957 च्या महापुरानंतर नदी शहराबाहेरून वळवली आणि रिकाम्या पात्रात झाडं लावली. ऑक्टोबर 2024 च्या पुरात जुनं शहर बरंचसं वाचलं, पण दक्षिणेकडच्या पायपोर्तासारख्या गावांनी भयंकर सोसलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. स्वस्त घरं दिसली की आधी भिंतीवरची पाण्याची खूण कुठवर आहे हे शेजाऱ्यांना विचारा. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस हे न सांगता विचारतो. सुट्टीवर गेलेला माणूस विचारत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे तुमचा बेत सरळ अडतो. पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस हे चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येतात. ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्यापासून ब्रिटिश पासपोर्टवर तिथे कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि हे 90 दिवस सगळ्या देशांचे मिळून मोजतात. एप्रिल ते सप्टेंबर सलग सहा महिने हे गणित बसतच नाही. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजावे लागत. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झालीय, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही दिसतो. असं एकदा झालं की पुढे राहण्याचा परवाना मागताना ते आडवं येऊ शकतं.

त्यातच आणखी एक बारीक काटा आहे. पैसे घेतले नाहीत तरी राहण्याच्या बदल्यात केलेलं काम हे काम धरायचं का, यावर प्रत्येक देशाचं मत वेगळं आहे. 2022 साली एका ऑस्ट्रेलियन तरुणीला अमेरिकेच्या विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. ती कॅनडाला निघाली होती, तिथे मांजर सांभाळून राहणार होती, आणि तिनं ते प्रामाणिकपणे सांगितलं. खोटं बोला असं मी कधीही सांगणार नाही. ज्या देशात जायचं तिथल्या वकिलातीला आधी लेखी विचारा, आणि उत्तर अडचणीचं आलं तर त्या देशात सरळ भाड्यानं राहा.

आणि खरंच, भाड्यानं का नाही? तुमच्या पत्रात ‘फुकट’ हा शब्द तीनदा आलाय. हिवाळ्यात दक्षिण पोर्तुगालमध्ये महिन्या-दोन महिन्यांसाठी घर उन्हाळ्याच्या मानानं बरंच कमी भाड्यात मिळतं. भाड्याच्या घरात गॅसचं सिलिंडर तुम्हालाच आणावं लागतं, मालकाशी हीटरवरून बोलावं लागतं, कचरा कुठे टाकायचा हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. त्या विचारपूशीतूनच ओळखी होतात, आणि त्या तुमच्या स्वतःच्या असतात. दोन महिन्यांचं भाडं हा खर्च वाटतो. चुकीच्या गावी घेतलेलं घर विकताना काय जातं ते विचारा एखाद्याला.

राहण्याचा परवाना मिळवायचा झाला तर पोर्तुगालच्या ‘डी 7’ व्हिसाला तिथल्या किमान वेतनाइतकं नियमित उत्पन्न दाखवावं लागतं. 2025 मध्ये ते महिन्याला 870 युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. स्पेनच्या बिननोकरीच्या व्हिसाला त्याच वर्षी महिन्याला एकासाठी 2400 युरो आणि जोडीदारासाठी 600 लागत. पोर्तुगालमध्ये परदेशी निवृत्तांना जी दहा वर्षांची मोठी करसवलत मिळायची ती 2024 पासून नव्या लोकांना बंद झाली आहे. यजमानांनी वाचलेले लेख त्याआधीचे असतील तर तारखा पाहा. परवान्यांचं काम पाहणारं जुनं खातं तिथे 2023 मध्ये मोडून नवं काढलं, आणि त्याच्याकडे लाखो अर्ज साचले. अर्ज केला म्हणजे कार्ड हातात आलं असं नाही. मग कार्डाविना आईच्या श्राद्धाला पुण्याला जायचं की नाही, असले प्रश्न उभे राहतात.

इथे एक गोष्ट मला राहून राहून वाटली. तुमच्या यादीत आयर्लंड का नाही? ब्रिटिश नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही, 90 दिवसांची मोजणी नाही. दोन देशांच्या जुन्या करारामुळे उद्या जाऊन राहिलात तरी चालतं. भाषा येते. मुलगी तासाभराच्या विमानावर. डब्लिन महाग आहे, पण कॉर्क आहे, गॉलवे आहे. तिथे जाच असं माझं म्हणणं नाही. पाऊस तुम्हाला नको असेल, तर नको. पण यादी करताना ‘ऊन’ ही एकच चाळणी लावली गेली, आणि ती कुणी लावली हे मला पत्रातून कळलं नाही. तुम्हाला काय हवं याची वेगळी यादी तुम्ही केलीय का? यजमानांची न पाहता?

तसंच पेन्शनचं. ब्रिटनची सरकारी पेन्शन तुम्ही पोर्तुगाल, स्पेन, आयर्लंडमध्ये राहून घेतलीत तर ती दरवर्षी वाढते. भारतात राहून घेतलीत तर सुरुवातीला ज्या रकमेला लागली त्याच रकमेवर गोठते. 2025-26 मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला 230.25 पाउंड होती. वीस वर्षांनीही तेवढीच मिळाली तर पुण्याच्या महागाईत तिचं काय होईल याचा हिशेब घाला. शिवाय पूर्ण पेन्शनला 35 वर्षांच्या वर्गणीची नोंद लागते आणि तुम्ही आलात 1997 ला. मार्चमध्ये नोकरी सोडण्याआधी दोघांच्याही नोंदी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. कमी पडणारी वर्षं पैसे भरून मिळवता येतात का ते विचारा. यजमानांची पेन्शन त्यांच्या 67 व्या वर्षी सुरू होईल. ती सुरू झाली की युरोपीय संघातल्या देशात ‘एस 1’ नावाच्या फॉर्मवर तिथली सरकारी आरोग्यसेवा ब्रिटनच्या खर्चानं मिळू शकते. म्हणजे मधल्या चार वर्षांत दवाखान्याचं काय, हा प्रश्न उरतो.

दवाखान्याचा विषय निघालाच आहे. वर्षभर बाहेर राहायचं तर जीपीला, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, कळवावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर गेलं की नाव यादीतून निघू शकतं. गोळ्यासुद्धा एका वेळी फार तर तीन महिन्यांच्या मिळतात. यजमानांना मधुमेह आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. बेत आखताना ते पहिल्या ओळीत यायला हवं. आणि रेडिंगच्या घराला वर्षभर कुलूप लावणार आहात ना? तिकडच्या घराच्या विम्यात सहसा अट असते : घर सलग 30 किंवा 60 दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर पाइप फुटणं, चोरी अशा गोष्टींना संरक्षण मिळत नाही. दुसऱ्याचं घर राखायला निघताना आपलं कोण राखणार, हे ठरवूनच निघा. ओळखीच्या मराठी कुटुंबातलं एखादं नवं जोडपं भाड्याचं घर शोधत असेल तर त्यांना द्या. गृहकर्ज बाकी असेल तर बँकेला विचारून.

आता प्राण्यांबद्दल. तुमच्या घरी कधी कुत्रं नव्हतं असं तुम्ही लिहिता. दुसऱ्याचा कुत्रा म्हणजे दुसऱ्याचं मूलच. सकाळी सहाला बाहेर न्यावाच लागतो, पाऊस असो वा गुडघे दुखोत. पोर्तुगाल-स्पेनमध्ये हिवाळा संपता संपता पाइनच्या झाडांवरून सुरवंटांची एकामागोमाग एक रांग खाली उतरते. कुत्र्यानं त्याला नुसतं तोंड लावलं तरी जीभ सुजते आणि जिवावर बेततं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं; तुम्हाला कुणी सांगितलं नाही तर कळणार नाही. पुष्कळ मालक कुत्र्यांना कच्चं मांस घालतात. तुम्ही घरात अंडंही आणत नाही. ते तुम्हाला जमणार आहे का, हे होकार देण्याआधी विचारा. न विचारता गेलात तर रोज सकाळी मन मारावं लागेल आणि चिडचिड यजमानांवर निघेल. स्वयंपाकघर दुसऱ्याचं असेल. लसणीच्या फोडणीचा वास सोफ्याला बसला तर, असं वाटून तुम्ही महिनाभर उकडून खाल, मी तुम्हाला ओळखत नसले तरी हे ओळखते.

म्हणून आधी ब्रिटनमध्येच दोन-तीन घरं राखून पाहा. ट्रस्टेडहाउससिटर्ससारख्या संकेतस्थळांवर वर्षाची वर्गणी भरून नाव नोंदवता येतं. नव्या माणसाला परदेशातलं समुद्राकाठचं घर लगेच मिळत नाही, आधी कुणाचा तरी चांगला अभिप्राय लागतो. मँचेस्टरजवळचं एखादं आठवड्याचं घर घ्या. घरमालकांशी व्हिडिओवर बोला. जनावराची औषधं, व्हेटचा नंबर, आणीबाणीत खर्च कुणी करायचा, घरात कॅमेरे आहेत का, प्राण्याला किती वेळ एकटं ठेवता येतं, हे सगळं लिहून घ्या. मालकांचं विमान रद्द झालं किंवा त्यांचा बेत मोडला तर त्या रात्री तुम्ही कुठे झोपाल, याचे पैसे बाजूला ठेवा. त्या आठवड्यात एकमेकांकडेही पाहा. तीस वर्षं दोघं वेगवेगळ्या वेळी घराबाहेर पडत होतात. आता चोवीस तास, परक्या भिंतीत, परक्या कुत्र्यासोबत. गावाची परीक्षा नंतर होईल, ही आधी होईल.

आणि आता कोथरूड.

तुम्ही लिहिलंय, “तिथे आता कुणी नाही.” सासूबाई होत्या तोवर पुणं म्हणजे डिसेंबरमधले तीन आठवडे. विमानतळावर गाडी, घरात गरम पोळ्या, रोज कुणाकडे तरी जेवण, लक्ष्मी रोडची खरेदी, आणि निघताना डोळ्यांत पाणी. तेही एक प्रकारे हाउस सिटिंगच होतं की. घर सासूबाईंनी लावलेलं, माणसं त्यांनी जोडलेली, तुम्ही त्या उबेत येऊन जात होता. त्यावरून पुण्यात राहवेल की नाही हे तुम्हाला कधीच कळलेलं नाही, कळायची वेळच आली नाही. भेटणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा काय विचारतो? “कधी आलात? किती दिवस आहात?” ज्या दिवशी दूधवाला हे विचारायचं थांबवेल, त्या दिवसापासून तुम्ही तिथे राहायला लागलात असं समजा. त्याला तीन आठवडे पुरत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नऊ गावांच्या यादीत दहावं नाव कोथरूडचं लिहा आणि त्याला पहिली पाळी द्या. डिसेंबरमध्ये जाऊ नका. एप्रिलमध्ये ब्रिटनमधली एक-दोन घरं राखून झाली की मेच्या मध्याला जा आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहा. उकाडा, मग वळवाचा पाऊस, मग गॅलरीत न वाळणारे कपडे. नातेवाइकांना सांगा की पहिला महिना जेवायला बोलावू नका. सोसायटीच्या सभेला बसा, पाण्याच्या टँकरवरून होणारं भांडण ऐका. मेट्रोनं वनाझहून निघून बघा. पौड रोड रात्री आठला ओलांडून बघा आणि सत्तरीत हे जमेल का ते एकमेकांना खरं सांगा. आजारी पडलात तर मुंबईच्या पुतण्याला फोन न करता स्वतः दवाखान्यात जा. आरोग्य विम्याचीही चौकशी याच मुक्कामात करा. एप्रिल 2024 पासून 65 वर्षांच्या वयाची जुनी मर्यादा गेलीय, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आलाय. पुण्याची नुसती शक्यता असली तरी हे 36 महिने आत्ता मोजायला लागलेले बरे.

तोवर फ्लॅट विकू नका. विकायचाच ठरला तर करायची कामं बरीच आहेत आणि त्यातली पहिली आत्ताच करून ठेवण्यासारखी आहेत. सासूबाईंच्या नावावरचा फ्लॅट कायदेशीर वारसाच्या नावावर झालाय का? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. यजमानांना बहीण आहे असं पत्रात आहे. तिच्याशी बोलणं झालंय का? अनिवासी माणूस घर विकतो तेव्हा खरेदीदाराला कर कापून घ्यावा लागतो, म्हणून कमी कपातीचा दाखला आधी काढायचा असतो. नफ्यावर जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे आणि अनिवासींना महागाईची वजावट मिळत नाही. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असल्यामुळे तिकडेही तो नफा दाखवावा लागतो. दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएशिवाय यात पडू नका. हे सगळं मी घाबरवायला सांगत नाही. एप्रिलच्या विमानाआधी हे उरकेल असं यजमानांनी धरलंय, ते उरकणार नाही.

दीड वर्ष म्हणजे फार दिवस झाले नाहीत, ताई. ज्यांची आई गेली ते तुमचे यजमान आहेत, आणि त्या घरात जायचं नावही न काढता नऊ गावांचे नकाशे काढत बसलेत. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. बंद घरात पहिल्यांदा शिरायचं टाळण्यासाठी माणूस ग्रीसपर्यंतही जातो. त्यांना हे माझ्या नावानं वाचून दाखवू नका. नुसतं म्हणा, “मेमध्ये आपण दोघं जाऊन घर उघडू.” कपाटं आवरायला लागलात की काय काय निघेल : जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, तुमच्या लेकीचं बाळलेणं. ते आवरून झाल्यावर त्यांना तिथे राहावंसं वाटेल किंवा एक दिवसही थांबवणार नाही. दोन्हींतलं काहीही झालं तरी त्यानंतर ताविराकडे ते वेगळ्या नजरेनं बघतील. मग सप्टेंबर-ऑक्टोबर नातवासोबत काढा, नोव्हेंबरला भाड्याच्या घरात पोर्तुगालला जा, 90 दिवस मोजून. तिथून आल्यावर वाटलं तर आयर्लंडमध्ये कुणाचं तरी घर राखा, मांजर असलेलं बघा. कुठे घर घ्यायचं हे वर्ष संपलं की लगेच ठरलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? रेडिंगलाच राहायचं ठरलं, तर तोही निर्णयच.

तुम्हा दोघांसारखी पुष्कळ मंडळी मला लिहितात, अमेरिकेतून, सिंगापूरहून, दुबईहून. देश बदलले की व्हिसाचे आणि पेन्शनचे आकडे बदलतात. पण इच्छित गाव त्याच्या वाईट ऋतूत पाहणं आणि जुनं घर विकण्याआधी त्यात एकदा स्वतः चूल मांडून राहणं, या दोन गोष्टी मी सगळ्यांनाच सांगते.

शेवटचं एक काम, आणि ते आजच करा. कोथरूडची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या काकूंबद्दल तुम्ही लिहिलंय की त्या पंचाहत्तरीच्या आहेत, पंधरा दिवसांनी एकदा दार उघडतात, नळ सोडून बघतात, खिडक्या उघडून तासभर तिथेच बसतात. दीड वर्ष त्या तुमचं घर राखतायत आणि मोबदला मागितलेला नाही. त्यांना फोन करा. मेमध्ये येतोय म्हणून सांगा, आणि एवढे दिवस त्यांना जिना चढायला त्रास होतो का, ते विचारा.